बावीस वर्षांच्या मुलीचं भाषण आणि जोसीबाईंची केस

एमपीएससीचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं कुठून घेतली, डोळे न उघडता उत्तर येईल, आयर्लंड. मीपण तीन वर्षं हेच घोकलं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत, आयर्लंड. राज्यसभेवर बारा जण नेमायचे ते, आयर्लंड. एवढं पाठ होतं पण तो देश नकाशावर नेमका कुठे टेकलाय, तिथल्या बायका कशा जगतात, तिथल्या कोर्टात काय चालतं, यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. पुढे एमपीएससी सोडली, एलएलबी केलं, सनद घेतली, आता तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करते. आणि मग आयर्लंड एकदम दुसऱ्याच वाटेने माझ्या टेबलावर आलं.

झालं असं की आमच्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर माझं नाव आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या, हातात किराणा दुकानाची पिशवी, पिशवीत सगळे कागद चुरगळलेले. पोटगीची केस. त्याआधीच्या चार तारखा त्या एकट्याच उभ्या राहिल्या होत्या. पुकारा झाला की पुढे जायचं, साहेबांनी विचारलं वकील कोण, की ह्या म्हणायच्या माझं मीच. समोर नवऱ्याचा वकील, त्याने काय अर्ज दिला, त्याला म्हणणं काय द्यायचं, काही कळायचं नाही, पुढची तारीख घेऊन एसटीने परत जायचं. मला म्हणाल्या, "वकीलबाई, फी आधी सांगू नका हो, ऐकून मला बोलायचंच सुचायचं नाही." मी म्हटलं, "ताई, तुम्हाला फी नाहीच. बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलापण लागत नाही." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 1987 चा कायदा आहे तो, कलम 12, आणि ह्या बाईंना चार तारखांत हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मी मोफत कायदेशीर मदतीवरचे जुने निकाल वाचत बसले. आपला हॉसकोटचा 1978 चा निकाल, हुसैनारा खातूनचा 1979 चा, आणि त्यातून पुढे पुढे जात एरी विरुद्ध आयर्लंड सापडला, तोही 1979 चाच. निकालात अर्जदाराच्या वकिलांमध्ये एक नाव, मिसेस एम. रॉबिन्सन. मला वाटलं असेल कुणीतरी. मग कळलं की ही मेरी रॉबिन्सन पुढे त्या देशाची राष्ट्रपती झाली. तेव्हापासून मी हिच्या मागेच लागलेय, जे मिळेल ते वाचतेय, आणि आज एकदाचं लिहायला बसले.

(मी मेरीला एकेरीच लिहिणार आहे. आपण लता म्हणतो, आशा म्हणतो, त्यात अनादर नसतो, तसंच.)

मेरी बर्क, हे तिचं माहेरचं नाव. जन्म 21 मे 1944, आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीतलं बॅलिना नावाचं गाव, मॉय नदीच्या काठी. आई-वडील दोघंही डॉक्टर, पण आईने लग्नानंतर प्रॅक्टिस सोडली, चार भाऊ आणि ही एकटी मुलगी. चार भावांत वाढलेल्या मुलीला बरोबरीचा हक्क म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही असं ती स्वतःच सांगत आलीये. घरात आजोबा, वकिलीतून रिटायर झालेले, ते हिला समोर बसवून जुन्या केसेस सांगायचे, गरीब कुळाची बाजू कशी लढवली, मोठ्या माणसासमोर छोट्या माणसाला कायदा कसा उभा करतो, असं. कायद्याची गोडी तिथून लागली. आपल्याकडे आजोबा मुलींना गोष्टी सांगतात पण केसेस किती जण सांगतात, असं माझ्या मनात येऊन गेलं.

शाळा डब्लिनमधली नन्सची. शाळा संपताना नन व्हायचं हिच्या डोक्यात होतं. शाळेतल्या नन्सनीच सांगितलं, एक वर्ष थांब, मग बघू. घरच्यांनी त्या वर्षी पॅरिसला पाठवलं, तिथे वाचन, नाटकं, मोकळ्या चर्चा, आणि परत आली ती कायदा शिकायचं ठरवूनच. तेही ट्रिनिटी कॉलेजात. आता यात एक गोम होती. ट्रिनिटी हे प्रॉटेस्टंटांचं कॉलेज, आणि डब्लिनच्या आर्चबिशपची, जॉन चार्ल्स मॅक्वेड यांची, कॅथलिक मुलांना तिथे शिकायला बंदी होती. बंदी म्हणजे कायद्याची नाही, धर्माची, पण त्या देशात तेव्हा धर्माची बंदी कायद्यापेक्षा जड होती. शिकायचं तर आर्चबिशपची परवानगी घ्यायची. ती घेतली आणि 1963 ला मेरी ट्रिनिटीत गेली. ही बंदी 1970 पर्यंत होती हे वाचून मला खरंच धक्का बसला, 1970 म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही ना.

आणि मग 1967. मला या अख्ख्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो, राष्ट्रपती झाली तो नाही. ट्रिनिटीच्या लॉ सोसायटीची ती प्रमुख झाली, आणि पहिलं उद्घाटनाचं भाषण तिने करायचं होतं. विषय घेतला आयर्लंडमधला कायदा आणि नैतिकता. वय बावीस. आणि ही मुलगी उभी राहून म्हणते काय, तर घटनेतली घटस्फोटावरची बंदी काढा, गर्भनिरोधकांवरची बंदी काढा, समलिंगी संबंध गुन्हा राहता कामा नये, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवू नका. चार गोष्टी. पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचं चर्चने बघावं, दुसरीचं सरकारने, एवढंच तिचं म्हणणं. ज्या देशाच्या 1937 च्या घटनेत बाईचं घरातलं आयुष्य हा राज्याचा आधार आहे असं कलम 41 मध्ये लिहिलंय (आजही लिहिलेलंच आहे, मार्च 2024 च्या सार्वमतात ते बदलायचा प्रस्ताव पडला), त्या देशात हे भाषण. तुम्ही हे चार मुद्दे लक्षात ठेवा, मी शेवटी परत येणार आहे त्यांच्याकडे.

पुढचं भराभर सांगते. 1967 लाच किंग्ज इन्समधून बॅरिस्टर, मग एक वर्ष हार्वर्ड, एलएलएम. 1968 चं अमेरिका म्हणजे व्हिएतनाम, मार्टिन ल्यूथर किंगचा खून, रॉबर्ट केनेडीचा खून, आणि तिथली पंचविशीतली पोरं म्हणतायत की आम्ही जबाबदारी घेणार, मोठं व्हायची वाट बघणार नाही. ही हवा घेऊनच ती परत आली. 1969 मध्ये ट्रिनिटीने तिला रीड प्रोफेसर केलं, घटनात्मक कायदा आणि फौजदारी कायदा शिकवायला. वय पंचवीस! आपल्याकडे पंचविशीत आम्ही सिनियरच्या मागे फाइल धरून पळत असतो.

इथे जरा थांबते, कारण ही खुर्ची साधी नाही. याच रीड प्रोफेसरच्या जागेवर 1925 साली फ्रान्सेस मोरन नावाच्या बाई होत्या. त्या 1941 मध्ये आयर्लंडमध्ये सिल्क मिळालेल्या पहिल्या बाई, सिल्क म्हणजे सिनियर कौन्सेल, आपल्याकडचं सिनियर ॲडव्होकेट, आणि 1944 मध्ये ट्रिनिटीत कायद्याच्या रेगियस प्रोफेसर झाल्या. मोरनबाईंवर खरं तर वेगळं लिहायला हवं. आणि मेरीने 1975 मध्ये ही जागा सोडल्यावर तिथे कोण आलं, तर मेरी मॅकअलीस, जी 1997 मध्ये हिच्यानंतर आयर्लंडची राष्ट्रपती झाली! एकाच खुर्चीवर बसलेल्या दोन बायका पाठोपाठ राष्ट्रपती.

त्याच्याही मागे जायचं तर 1 नोव्हेंबर 1921, त्या दिवशी डब्लिनमध्ये फ्रान्सेस काइल आणि अ‍ॅव्हरिल डेव्हरेल या दोघींना बॅरिस्टर म्हणून घेतलं, इंग्लंडमधल्या पहिल्या बाईच्या आधी. 1919 चा कायदा आला, बाई आहे म्हणून व्यवसायाचं दार बंद ठेवता येणार नाही म्हणणारा, त्यामुळे हे शक्य झालं. आपली नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी, तिने 1892 लाच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, पण हातात डिग्री पडायला तीस वर्षं गेली, आणि इथे बायकांना वकिली करता यावी म्हणून कायदा झाला 1923 मध्ये. एकाच साम्राज्यातली ही दारं, दोन-चार वर्षांच्या फरकाने उघडली.

तर मेरी. त्याच वर्षी, 1969 ला, ती सिनेटवरही निवडून आली. आयर्लंडच्या सिनेटमध्ये ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या तीन जागा असायच्या, आपल्या विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ असतो ना, अगदी तसंच. तिने आधी प्रश्न विचारला होता की या जागांवर दरवेळी म्हातारे पुरुष प्रोफेसरच का, मित्र म्हणाले मग तूच उभी राहा, आणि राहिली, आणि आली. पुढे वीस वर्षं सिनेटर होती. म्हणजे सकाळी लेक्चर, दुपारी कोर्ट, संध्याकाळी सिनेट. आणि 1970 च्या डिसेंबरात लग्न, ट्रिनिटीतल्याच वर्गमित्राशी, निकोलस रॉबिन्सनशी. तो प्रॉटेस्टंट. तिच्या आई-वडिलांना ते मान्य नव्हतं, लग्नाला आले नाहीत. एकुलती एक मुलगी आणि आई-वडील मांडवात नाहीत. काही महिन्यांनी जुळलं परत, पण तो दिवस तर गेलाच ना.

पुढच्याच वर्षी तिने सिनेटमध्ये गर्भनिरोधकांचं बिल आणलं, आणखी दोन सिनेटर बरोबर होते. 1935 च्या कायद्याने विकायलाही बंदी आणि देशात आणायलाही बंदी. डॉक्टर लोक गोळ्या द्यायचे ते पाळी नियमित करायच्या नावाखाली. तिला वाटलं निदान चर्चा तरी होईल. बिल पहिल्या वाचनालाच घेतलं नाही, म्हणजे छापायचीसुद्धा परवानगी नाही. आर्चबिशपचं पत्र चर्चेसमध्ये वाचून दाखवलं गेलं, असा कायदा म्हणजे देशाला शाप, अशा शब्दांत. आणि हिच्या घरी टपालाने काय काय यायला लागलं, शिव्यांची पत्रं, धमक्या, रबरी हातमोज्यांची कापलेली बोटं. नवं लग्न झालेली सत्तावीस वर्षांची बाई ती पाकिटं फोडतेय. ती पत्रं जाळून टाकली गेली, आणि नंतर ती म्हणाली की जाळायला नको होती, ठेवायला हवी होती. मला हे फार पटलं. मला स्वतःला एका केसमध्ये समोरच्या पार्टीकडून घाणेरडे मेसेज आले होते, मी डिलीट केले, आणि आजपर्यंत हळहळतेय. पुरावा होता तो.

1973 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने मे मॅक्गी नावाच्या बाईंच्या केसमध्ये बंदीचा एक भाग उडवला, चार मुलं, पाचवं बाळंतपण जिवावर बेतणारं, आणि कस्टमने तिच्या नावाचं पाकीट जप्त केलेलं. त्यानंतर 1979 ला कायदा झाला पण कसा, निरोधलाही डॉक्टरची चिठ्ठी! ती अट जायला 1985 उजाडलं.

आता कोर्टातली मेरी. आयर्लंडमध्ये बॅरिस्टर आणि सॉलिसिटर वेगवेगळे असतात, पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जातो, कागद तो करतो, आणि कोर्टात उभं राहायला बॅरिस्टरला ब्रीफ देतो. बॅरिस्टरांना स्वतःचं ऑफिस नसतं, लिफी नदीकाठी फोर कोर्ट्सच्या इमारतीत लॉ लायब्ररी आहे, सगळे तिथेच बसतात. आमच्या बार रूमसारखंच, फक्त पुस्तकं जास्त. तिथे सत्तरच्या दशकात बायका किती असणार, आणि त्यातून ही घटनेच्या केसेस घेणारी. पैसे देणाऱ्या केसेस नव्हेत ह्या. जमिनीचे वाद, अपघाताचे दावे, कंपन्यांची कामं, घर चालतं ते त्यावर, हे मी कुणालाही सांगू शकते.

मारीन द बुर्का आणि मेरी अँडरसन यांची केस बघा. दोघी कार्यकर्त्या, 1971 मध्ये संसदेबाहेर आंदोलनात पकडल्या गेल्या. त्यांनी म्हटलं आमचा खटला ज्युरीपुढे, म्हणजे बारा सामान्य नागरिकांपुढे, चालवा. ज्युरी कुणाची, तर 1927 च्या कायद्याने मालमत्तेचा कर भरणाऱ्यांची, म्हणजे घरदार नावावर असणाऱ्यांची, आणि बायकांना त्यातून सूट. सूट हा शब्द ऐकायला कसा गोड आहे ना, बायकांना त्रास नको म्हणून सूट. ज्या बाईला बसायचंच आहे तिने स्वतःहून अर्ज करायचा. परिणाम काय, तर दहा-दहा वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या बायका ज्युरीत बसल्या. बलात्काराचा खटला असो, बाळाच्या खुनाचा असो, निर्णय बारा पुरुषांचा. मेरी या दोघींच्या बाजूने वकिलांच्या टीममध्ये होती. 1975 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, दोन्ही अटी, मालमत्तेची आणि बाईपणाची, आणि 1976 ला नवा ज्युरी कायदा आला. दोन आंदोलकांच्या एका छोट्या फौजदारी केसमुळे देशातल्या प्रत्येक ज्युरीचा चेहरा बदलला. मला यातलं कौशल्य आवडतं, साधी केस हातात असताना तिच्याखाली दडलेला मोठा प्रश्न ओळखायचा, हे लॉ कॉलेजात शिकवून येत नाही.

आणि जोसीबाई.

जोहाना एरी, सगळे जोसी म्हणायचे, कॉर्क शहरातल्या, जन्म 1932. दुकानात काम करायच्या. नवरा लॉरी ड्रायव्हर, लग्न 1953 चं, चार मुलं. 1972 च्या जानेवारीत नवऱ्याने मारलं म्हणून कोर्टाने त्याला शिक्षा केली, ती शिक्षा होती नुसता दंड. मी ते वाक्य दोनदा वाचलं निकालात. त्याच वर्षी जूनमध्ये तो घर सोडून गेला, पण कधीही परत येईल ही भीती राहिलीच. घटस्फोट तर देशातच नाही, घटनेनेच बंद. राहिला एकच मार्ग, न्यायालयीन फारकत, म्हणजे लग्न कायम पण एकत्र राहायचं बंधन नाही. आणि ती मिळणार फक्त हायकोर्टात, डब्लिनला. खर्च किती, तर समोरच्याने विरोध नाही केला तरी पाच-सातशे पौंड, केला तर आठशे ते बाराशे. आणि जोसीबाईंचा आठवड्याचा हातात येणारा पगार, 1978 च्या डिसेंबरातला, 39 पौंड 99 पेन्स. सरकारी वकील दिवाणी कामाला मिळायचाच नाही, तशी योजनाच नव्हती. कुणी सॉलिसिटर केस घ्यायला तयार होईना.

बाई थांबल्या नाहीत. 1973 मध्ये स्ट्रासबर्गला अर्ज केला, युरोपच्या मानवी हक्क आयोगाकडे. तिथून सहा वर्षं. आणि तिथे त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभी राहिली मेरी रॉबिन्सन.

आयर्लंड सरकारचं म्हणणं वाचाल तर तुम्हालाही माझ्यासारखं होईल. सरकार म्हणालं, कोर्टाचं दार उघडंच आहे की, बाईंना कुणी अडवलंय, वकील नसेल तर त्यांनी स्वतः उभं राहावं. माझं मीच! मला त्या क्षणी आमच्या ताई आठवल्या, ती पिशवी, त्या चार तारखा.

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने काय केलं, तर आकडा बघितला. 1972 च्या जानेवारीपासून 1978 च्या डिसेंबरपर्यंत आयर्लंडमध्ये फारकतीच्या 255 केसेस दाखल झाल्या, आणि त्या 255 पैकी एकाही केसमध्ये अर्जदार वकिलाशिवाय उभा नव्हता. एकाही. म्हणजे दार उघडं आहे म्हणता, पण त्या दारातून वकिलाशिवाय सात वर्षांत एकही माणूस आत गेलेला नाही. आणि कोर्टाने आणखी एक गोष्ट लिहिली जी प्रत्येक कौटुंबिक केस चालवणाऱ्याला माहीत असते, की नवरा-बायकोच्या भांडणात माणूस इतका गुंतलेला असतो की स्वतःची बाजू थंड डोक्याने मांडणं त्याला जमणारच नाही. वरून क्रूरता सिद्ध करायची, साक्षीदार आणायचे, उलटतपास घ्यायचा, कुणी, ज्या बाईने मार खाल्लाय तिने, मारणाऱ्याचा.

9 ऑक्टोबर 1979 ला निकाल. कागदावरचे, भासमान हक्क द्यायला हा युरोपचा मानवी हक्कांचा करार केलेला नाही, प्रत्यक्षात वापरता येतील असेच हक्क द्यायला केलाय, हे त्यातलं वाक्य. पाच विरुद्ध दोन मतांनी जोसीबाई जिंकल्या, कोर्टापर्यंत पोचण्याच्या हक्काचा भंग झाला म्हणून. प्रत्येक केसला सरकारने वकील द्यायलाच पाहिजे असं कोर्टाने म्हटलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, पद्धत सोपी करा नाहीतर वकील द्या, काहीही करा पण माणूस आत गेला पाहिजे असं म्हटलं. त्यानंतर आयर्लंडमध्ये लीगल एड बोर्ड आलं आणि 1980 ला पहिली कायदा मदत केंद्रं सुरू झाली.

आणि आता माझं एमपीएससीचं पाठांतर मला परत आठवलं. आपण मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून घेतली. त्यात 1976 मध्ये आपण 39-अ घातलं, गरिबाला मोफत कायदेशीर मदत. म्हणजे त्यांच्याकडून घेतलेल्या वहीत आपण ते पान लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे ते पान नव्हतं, कॉर्कमधल्या दुकानात काम करणाऱ्या बाईला त्यासाठी स्ट्रासबर्गपर्यंत जावं लागलं. आणि आपल्याकडे पान होतं, तरी आमच्या ताईंना चार तारखा कुणी ते दाखवलं नाही. दोन्ही देशांत जे राहिलं होतं ते एकच, शेवटच्या माणसापर्यंत पोचणं.

नॉरिसची केस थोडक्यात. डेव्हिड नॉरिस ट्रिनिटीतलाच प्राध्यापक, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे 1861 आणि 1885 चे ब्रिटिशांचे कायदे रद्द करा म्हणून कोर्टात गेला. 1885 चाच तो कायदा ज्यात डब्लिनमध्ये जन्मलेल्या ऑस्कर वाइल्डला शिक्षा झाली होती. आपल्या जुन्या दंडसंहितेतलं 377 कलम 1860 चं, एकाच घराण्यातले हे कायदे. मेरी नॉरिसची वकील. हायकोर्टात हरले. 1983 मध्ये सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोन हरले. स्ट्रासबर्गला गेले आणि 26 ऑक्टोबर 1988 ला आठ विरुद्ध सहा जिंकले. म्हणजे स्वतःच्या देशात प्रत्येक पायरीवर हरत गेलेली केस ही. हरलेल्या केसचा निकाल हातात घेऊन ऑफिसला परत येणं काय असतं ते मला माहितीये, आणि त्यातले दोन विरोधी मतं असलेले न्यायाधीश धरून पुढची पायरी चढायची हिंमत फार थोड्यांना असते. पुढे याच देशात 2015 ला सार्वमताने समलिंगी विवाह मंजूर झाला आणि 2017 ला लिओ वराडकर पंतप्रधान झाला, स्वतः उघडपणे समलिंगी, आणि वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तेव्हा सिंधुदुर्गात किती कौतुक झालं होतं आठवतंय ना. त्या कौतुकाच्या मागे नॉरिसची केस आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

1990 ला लेबर पार्टीने तिला राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं. पक्षाची सदस्यही नव्हती तेव्हा, 1985 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधला अँग्लो-आयरिश करार पटला नाही म्हणून राजीनामा दिलेला, उत्तर आयर्लंडमधल्या, ब्रिटनसोबतच राहायचं म्हणणाऱ्या युनियनिस्टांना विचारलंच नाही म्हणून. कुणी जिंकेल म्हणत नव्हतं. ती मे महिन्यातच फिरायला लागली, एकदम कोपऱ्यातल्या गावांपासून. पहिल्या पसंतीची मतं तिला कमी होती, समोरचे उमेदवार लेनिहन पुढे होते, दुसऱ्या पसंतीवर ती जिंकली. (बघा, तीच निवडणुकीची पद्धत जी आपण त्यांच्याकडून घेतली. आपल्याकडे व्ही. व्ही. गिरी 1969 ला दुसऱ्या पसंतीवरच आले होते.) जिंकल्यावर ती आयर्लंडच्या बायकांबद्दल म्हणाली की त्यांनी पाळणा हलवण्याऐवजी व्यवस्थाच हलवली. जिच्या हाती पाळण्याची दोरी हे ऐकत मोठी झालेली मी, मला ते वाक्य वाचून अंगावर काटा आला.

राष्ट्रपतीभवनाच्या खिडकीत तिने एक दिवा कायम लावून ठेवला, पोटासाठी देश सोडून गेलेल्या लोकांसाठी. 1992 ला दुष्काळातल्या सोमालियाला गेली. 1997 ला मुदत संपायच्या थोडं आधीच पद सोडून संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्क आयुक्त झाली, 2002 पर्यंत. ते लवकर सोडणं चुकलं असं तिने नंतर स्वतःच कबूल केलंय. आणि 2018 मध्ये, घरातून पळून जाऊ पाहणाऱ्या दुबईच्या राजकन्येच्या प्रकरणात ती राजघराण्याच्या सांगण्यावर विसंबली, तेही मोठं चुकलं, तेही तिने मान्य केलं. मला वाईट वाटलं ते वाचून. ज्या बाईने आयुष्यभर एकट्या पडलेल्या माणसाचं ऐकून घेतलं तिने तेव्हा त्या मुलीचं नीट ऐकायला हवं होतं.

आता ते चार मुद्दे, 1967 चे. गर्भनिरोधकांचं वर सांगितलंच. राहिले तीन. आयर्लंडमध्ये संसदेने पास केलेलं बिल राष्ट्रपतींच्या सहीने कायदा होतं. 1993 मध्ये आत्महत्या हा गुन्हा राहिला नाही, सही मेरी रॉबिन्सन. त्याच वर्षी जुलैमध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, नॉरिसच्या केसचाच तो कायदा, सही त्याच्याच वकिलाची. आणि घटस्फोट. 1986 च्या सार्वमतात हरला होता, 1995 च्या नोव्हेंबरात परत सार्वमत झालं, सोळा लाखांहून जास्त मतं पडली आणि फरक फक्त 9,114 मतांचा, पण पास झालं. 17 जून 1996 ला राष्ट्रपतींनी घटनादुरुस्तीवर सही केली.

कॉर्कच्या जोसीबाई तेव्हा त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांच्या होत्या.